सरकता सेलो

मध्यंतरात संगीतकार कॉफीच्या रांगेत तोंड लपवून उभा होता. त्याच्या नव्या रचनेच्या पहिल्याच प्रयोगात सेलोचा, म्हणजे उभ्या धरून वाजवायच्या मोठ्या व्हायोलिनचा, टोकदार पाय गुळगुळीत फरशीवरून सटकला होता, आणि सेलोवाली खुर्ची ओढत वाद्यामागे थेट क्लॅरिनेटवाल्यापर्यंत गेली होती. उद्याचा प्रयोग रद्दच करायचा, असं त्याने ठरवलं होतं. पुढे नणंद-भावजय उभ्या होत्या.

"वन्सं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण ती सरकायला लागली आणि अंगावर काटा आला बघा!"

"अगं वहिनी, मी तर रुमाल काढला. आधी बिचारी एकटीच कोपऱ्यात कुढत होती."

"आणि तो क्लॅरिनेटवाला ढिम्म! अगदी तुमच्या भावासारखा."

"माझ्या भावाला मध्ये आणू नकोस."

"शेवटी तीच गेली हो त्याच्याजवळ. समोरचे सुरांचे कागद मागे राहिले, तरी एक सूर सोडला नाही."

"असं सुचतं कसं लिहिणाऱ्याला?"

"उद्या ह्यांना घेऊन येते. बघू देत, जवळ कसं सरकायचं ते!"

तेवढ्यात सेलोवाली धावत आली. "सर, चुकलं माझं. उद्या खाली रबर टाकते."

"खबरदार!" संगीतकार म्हणाला. "उद्या फरशीला मेण लावायचं."