उलटी बसवलेली फरशी

दाताच्या दवाखान्यात, खिडकीजवळच्या बाकावर एक बाई नंबरची वाट बघत बसल्या होत्या. समोरच्या आजोबा-नातीचं बोलणं त्यांच्या कानावर पडत होतं.

“आजोबा, शाळेत जीवाश्म न्यायचाय.”

“तो काय असतो गं?”

“दगडात उमटलेला शिंपला. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा.”

“अगं, तसल्या फरश्या खूप बसवल्यात मी.”

“मग एक द्या ना.”

“सगळ्या उलट्या बसवल्या, बाळा. मालक म्हणायचे, डाग दिसतो. मग ती बाजू खाली, सिमेंटात.”

“एकही नाही ठेवलीत?”

“एक तुझ्या बाबाला हवी होती. तुझ्याएवढाच होता तेव्हा. पोटाशी धरून बसला. मी हातातून काढून घेतली. म्हटलं, डागाचं काय कौतुक.”

“बाबा रडला?”

“नाही. पण परत कधी माझ्याबरोबर कामावर आला नाही.”

“कुठे बसवलीत ती?”

आजोबांनी जमिनीकडे बोट दाखवलं.

“इथेच. ही खोली माझ्याच हातची. खिडकीपासून तिसरी.”

बाईंनी मनातल्या मनात मोजलं आणि हळूच पाय उचलून घेतले.