पाटी क्रमांक सत्तावीस

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, सुरुंग काढणाऱ्या पथकातल्या भगिनी आणि बंधू, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत त्या आपल्या सर्वांच्या ताई, आणि उपस्थित सज्जनहो,

सूत्रसंचालकांनी मला आभार मानायला दोन मिनिटं दिली आहेत. मी चित्रकलेचा शिक्षक. आमचा तास गणिताच्या मास्तरांनी घेतला नाही तेवढाच आमचा, त्यामुळे दोन मिनिटं खूप झाली.

लढाई संपली, लढणारे आपापल्या घरी गेले, पण पुरलेले सुरुंग इथेच राहिले. ते ताईंनी तेवीस वर्षं गुडघ्यांवर बसून, वीत वीत जमीन तपासून काढले. किती काढले, तो आकडा आधीच्या वक्त्यांनी सांगितलाच आहे. मी फक्त एका पाटीबद्दल बोलतो.

सहा वर्षांपूर्वी माझ्या अंगणातल्या डाळिंबांवर दोन संकटं होती. एक माझे विद्यार्थी, दुसरं माझे मेहुणे. विद्यार्थी निदान लाजून भिंतीवरून यायचे. मेहुणे पिशवी घेऊन दारातून यायचे. तेव्हा मी ठरवलं, फाटकावर सुरुंगाची पाटी लावायची. कवटी, दोन हाडं, खाली 'धोका'. रंगवली. पण माझी कवटी हसरी यायची हो! तीनदा काढली, तिन्ही वेळा ती 'या, बसा' म्हणत असल्यासारखी. पोरांनी तिला मिशा काढल्या. शेवटी एका रविवारी मी गिरणीमागच्या पायवाटेवर गेलो आणि तिथली खरी पाटी काढून आणली.

अध्यक्षमहाराज, आपण बरोबर ऐकलंत. आजूबाजूला आणखी पाट्या होत्या. एक नसली तर काय बिघडतं, असं मला वाटलं.

पाटी लागली आणि घरात स्वर्ग अवतरला. पोस्टमन पत्रं भिंतीवरून फेकू लागला. मेहुणे पलीकडच्या गल्लीतून ओरडून तब्येत विचारू लागले. बायकोला वाटलं, यांचा चौथा प्रयत्न साधला. ती म्हणाली, "लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. तुमचं चित्र बघून कुणालातरी काहीतरी वाटलं, हे आज पहिल्यांदा पाहते." एवढं कौतुक मला कधी मिळालं नव्हतं. मी ते ठेवून घेतलं.

तीन आठवड्यांनी, पोस्टमनच्या तक्रारीवरून, ताई पथकासह दारात हजर. म्हणाल्या, "मास्तर, ही जागा आमच्या नकाशात नाही. पण पाटी आहे म्हणजे तपासणं आलं. घर रिकामं करा."

खोटी पाटी लावणं गुन्हा आहे. म्हणून मी गप्प. पाटी मी रंगवली आहे या समजुतीने बायकोही गप्प. आम्ही दोघं, ज्या घरात काहीही धोका नव्हता त्या घरातून विस्थापित झालो. आणि राहायला कुठे गेलो? मेहुण्यांकडे!

नऊ दिवस पथकाने माझं अंगण उकरलं. धातू शोधणारं यंत्र वाजलं की सगळे आडवे. सापडलं काय? तीन चमचे, एक कुलूप, आणि डॉक्टरांनी साखर बंद केल्यावर मी पुरून ठेवलेला गोळ्यांचा डबा. तो डबा ताईंनी वाळूच्या पोत्यांआडून, दोरी बांधून उघडला.

नवव्या दिवशी दुपारी त्यांनी पाटी फाटकावरून उतरवली आणि उलटी केली. "मास्तर, हिच्या मागे सत्तावीस आकडा आहे." चित्र काढणारा माणूस मागची बाजू कधी बघतो का? ताईंनी नकाशा उघडला, सत्तावीसवर बोट ठेवलं, आणि मला दंडाला धरून गाडीत बसवलं.

गिरणीमागच्या पायवाटेवर, पंचवीस पावलं आत, माझी बायको चालली होती. भावाच्या घरून माझा जेवणाचा डबा घेऊन, जवळच्या वाटेने.

ताई ओरडल्या, "वहिनी, हलू नका! तिथे सुरुंग आहेत."

ती थांबली. म्हणाली, "असं कसं? इथे पाटी कुठाय?"

सज्जनहो, त्या प्रश्नाचं उत्तर त्या वेळी जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातला एक गाडीच्या दाराला धरून उभा होता.

ताई पोटावर झोपल्या आणि सळईने माती टोचत निघाल्या. अडीच तास लागले. ऊन असं, की विचारू नका. मधेच बायकोचा आवाज आला, "हे आहेत का तिथे?"

"आहेत. रडतायत."

"उन्हात? टोपी घातलीय का त्यांनी?"

"नाही."

"मग घालायला सांगा."

ताईंनी मातीवरची नजर न काढता निरोप पोचवला, "मास्तर, टोपी." मी टोपी घातली. दुसरं काय करणार होतो?

तिच्या डाव्या पावलापुढे दीड वितीवर सुरुंग होता. पुढचंच पाऊल. ताईंनी तिला हाताला धरून, स्वतः आल्या त्याच वाटेने बाहेर आणलं. बाहेर येताच ती म्हणाली, "ताई, इथली पाटी कुणी नेली हो?" ताईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "चौकशी चालू आहे, वहिनी."

सहा वर्षं ती चौकशी चालू आहे. तेव्हापासून दर शुक्रवारी मी पथकाबरोबर पाट्या मोजायला जातो. लोक त्याला समाजसेवा समजतात. गेल्या वर्षी याच व्यासपीठावर मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते आज परत आणलंय, अध्यक्षांनी कृपया स्वीकारावं.

मागच्या सोमवारी ताई घरी आल्या. म्हणाल्या, "टेबल रिकामं केलं, मास्तर. एकच फाईल उरलीय. त्यात मी लिहू, की तुम्ही वहिनींना सांगता?" मी म्हटलं, सांगतो. चार दिवस घरात तोंड उघडलं, पण दर वेळी मीठ मागून गप्प बसलो. म्हणून ही दोन मिनिटं मागून घेतली. बायको समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि चारशे साक्षीदारांसमोर माणसाचा जीव तसा सुरक्षित असतो.

ताई, तुमचे आभार कसे मानू? तुम्ही तिला परत आणलंत, आणि खरं सांगायचं काम मात्र माझ्याकडेच ठेवलंत. सभागृहाने शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते आपण पोटात घालावं. करण्यात जे झालं, त्याची माफी या सभागृहात एकाच व्यक्तीला देता येईल.

ती उठली आहे. दाराकडे नाही, इकडेच येते आहे.

ताई, कागदोपत्री तुमची निवृत्ती पाच वाजता ना? अजून दहा मिनिटं आहेत. जरा माझ्या शेजारी येऊन उभ्या राहता का?