सहाव्या घराचा उशीर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय धर्मेंद्रजी चौधरी, व्यासपीठावर विराजमान आमच्या पुस्तक साखळी मंडळाचे सचिव रितेशभाऊ, खकनारहून वेळ काढून आलेले मुख्याध्यापक गजाननराव, जिथं त्या बसतात ती जागा आपोआप व्यासपीठ होते अशा आजच्या सत्कारमूर्ती शारदाताई पाटील, त्यांना न्यायला नाशिकहून आलेली त्यांची लेक तृप्ती, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना मोतीलाल महाजनचा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. रितेशभाऊंनी मला दोनदा घड्याळ दाखवलं, कारण हा माणूस वेळेवर काही संपवत नाही अशी मंडळात माझी ख्याती आहे. ती अगदी खरी आहे, आणि आज तिचाच पंचनामा करायला मी उभा आहे. बाहेर मावा जिलेबी तळायला घेतलीय, वास तुमच्यापर्यंत आलाच असेल. तरी जरा धीर धरावा ही विनंती.

पाहुण्यांसाठी आधी साखळी म्हणजे काय ते सांगतो. तेवीस वर्षांपूर्वी आपल्या बुऱ्हाणपुरात नवं मराठी पुस्तक हवं असलं तर जळगावला जाणाऱ्या माणसाला गाठावं लागे. तो विसरला की संपलं. तेव्हा शारदाताई शाळेत शिकवत होत्या. त्यांनी अकरा घरं जमवली. प्रत्येकानं वर्षाला एक-दोन पुस्तकं घ्यायची आणि ती घराघरांतून फिरवायची. एका घरी पुस्तक पंधरा दिवस. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी संध्याकाळी ते पुढच्या घरी. सगळ्या घरांतून फिरून झालं की पुस्तक खकनार-देडतलाईकडच्या शाळांना.

नियम तीन, तिन्ही ताईंचे. पुस्तक स्वतः न्यायचं, कोणाच्या हाती पाठवायचं नाही. पुढच्याला शेवट सांगायचा नाही. आणि वाचून झालं नसलं तरी तारखेला पुस्तक हलवायचं, कारण पुढच्या घरी कोणीतरी वाट पाहतंय.

माझं घर सहावं. सातवं ताईंचं. म्हणजे एकोणीस वर्षं ताईंना प्रत्येक पुस्तक माझ्या हातून मिळालं. आता हा मान म्हणावा की ताईंचं नशीब, ते तुम्हीच ठरवा.

मी टेलिफोन खात्यातला माणूस. वायरी जोडण्यात हात चालतो, वाचनात मात्र बैलगाडी. एक पान वाचलं की मागची दोन पुन्हा चाळावीशी वाटतात. पंधरा दिवस मला कधी पुरले नाहीत. आठ दिवस उशीर, दहा दिवस उशीर, कधी पुढच्या पाळीचा रविवार उजाडला तरी मी आपला शेवटच्या प्रकरणात. मग घाईघाईनं पुस्तक पिशवीत घालायचं आणि शनवारा दरवाज्यापलीकडे ताईंचं घर गाठायचं. ताई कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. "या भाऊ, चहा टाकते," एवढंच. त्यांच्या भिंतीला लागूनच पावरलूम. त्या खडखडाटात मी चहा पिता पिता गोष्ट सांगायचो, ओरडून सांगायचो, म्हणजे दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनाही शेवट सोडून सगळी कादंबरी पाठ. शेवट सांगायचा नाही हा नियम मात्र मी पाळला. मला वाटायचं, उशिराची भरपाई झाली.

चार वर्षांपूर्वी मी रिटायर झालो. आमचा अनिकेत इंदौरहून आला आणि त्यानं मला ते ई-बुक वाचायचं यंत्र भेट दिलं. आमच्या घरात त्याला पाटी म्हणतात, ते नाव आमच्या सौभाग्यवती मंगलाबाईंनी ठेवलं. अनिकेत म्हणाला, "पप्पा, आता नंबर लावायची गरजच नाही. हजार किताबें येतात यात." मी दुसऱ्याच रविवारी ताईंना सांगून टाकलं की साखळीतून माझं नाव काढा. पाचव्या घरानं सरळ सातव्याला द्यावं. ताई म्हणाल्या, ठीक आहे. चहा दिला. मी जिना उतरलो तेव्हा मला फार मोकळं वाटत होतं, हे आज कबूल करतो.

आणि मंडळी, पाटीला मी नावं ठेवणार नाही. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, तेव्हा अक्षर बोटाएवढं करून मी वाचलं. अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की अर्थ हजर. जळगावला कोण जातंय याची चौकशी संपली. बँकेच्या रांगेत, बस स्टँडवर, न्हाव्याकडे, कुठंही वाचावं. खाल्ल्या मिठाला जागायला हवं.

पण माणूस बदलतो हो. आधी मी एका वेळी एक पुस्तक वाचायचो, कारण घरात एकच असायचं. आता एका वेळी आठ. एखादं पान रटाळ लागलं की दुसरं उघडायचं. आठवड्यानं पहिल्याकडे यावं तर हा भास्कर कोण आणि तो का रडतोय, काही आठवत नाही. सुरुवातीची पंधरा-वीस पानं फुकट वाचायला मिळतात, मग मी नुसत्या सुरुवातीच वाचू लागलो. कोणी विचारलं, कुठपर्यंत आलं पुस्तक, तर पूर्वी मी सांगायचो की आत्ताच धाकट्या भावानं घर सोडलंय. आता सांगायचो, बावीस टक्के झालं.

आणखी एक. साखळीत नावडतं पुस्तकही पंधरा दिवस घरात पाहुण्यासारखं राहायचं. एकदा मधमाश्यांवरचं पुस्तक आलं होतं. मला मधमाश्यांशी काय करायचंय? पण आलंय तर वाचलं, आणि वर्षभर मंगलाबाईंना मधमाश्याच सांगितल्या. पाटीवर मी मला आवडेल तेच घेणार. म्हणजे मी मलाच वाचत बसलो.

मंगलाबाईंचं निरीक्षण वेगळं होतं. त्या म्हणाल्या, "पहिले पुस्तक हातात असायचं तर मी दोनदा सोचून हाक मारायची. आता तुम्ही वाचता का टाइमपास करता, काही समजत नाही." मग त्या हाका मारत गेल्या, मी उठत गेलो.

सात-आठ महिन्यांत पाटीत चौसष्ट पुस्तकं जमली. पूर्ण झालेली तीन. ज्या माणसाला लोक पुस्तक घेऊन रस्त्यानं जाताना ओळखत होते, त्याचं वाचन चोरपावलांनी निघून चाललं होतं आणि त्याला पत्ता नव्हता. का असं झालं? यंत्र वाईट होतं का? नाही. यंत्रातलं पुस्तक मी संपवलं काय, न संपवलं काय, कोणाचं काही अडत नव्हतं. माझ्या पुढच्या घरी कोणी बसलेलं नव्हतं.

अशात एका रविवारी संध्याकाळी दार वाजलं. शारदाताई. हातात पुस्तक नाही, पिशवी नाही. बसल्या, मंगलाबाईंशी बोलल्या, आणि मग मला विचारलं, काय वाचताय सध्या? मी मोठ्या उत्साहात पाटी काढली आणि एक कादंबरी सांगायला लागलो. छान सांगितली. आणि ताईंनी विचारलं, "शेवटी काय होतं?"

ज्या बाईंनी शेवट सांगायचा नाही असा नियम केला, त्या शेवट विचारत होत्या. मी म्हटलं, अजून तिथवर आलो नाही. दुसरी सांगितली. तिचाही शेवट त्यांनी विचारला. तिसरी सांगायला घेतली आणि माझा मीच थांबलो. मंगलाबाई आतून बघत होत्या. ताई उठल्या, चपला घातल्या, आणि दारातून म्हणाल्या, "एक रविवार सोडून येते भाऊ. कुठलीही एक संपवा. मी शेवट ऐकायला येणार आहे."

आणि त्या आल्या. तीन वर्षांहून जास्त येत राहिल्या, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी, रिक्षा करून. मी साखळीतून बाहेर पडलो होतो, तर ताई माझ्या पाटीपुढं येऊन बसल्या. आज मी वर्षाला वीसेक पुस्तकं पूर्ण वाचतो, याच पाटीवर वाचतो, आणि त्यातलं एकही मी एकट्यानं संपवलेलं नाही. माझं वाचन ताईंनी मला परत आणून दिलं. हे ऋण मी इथं उघडपणे मान्य करतो.

इथंच मी आभार मानून खाली बसणार होतो. भाषण तसं लिहूनही झालं होतं. पण पंधरा दिवसांपूर्वी आमची रुपाली घरी आली. रुपाली बँकेत काम करते आणि साखळीतलं आठवं घर तिचं. आधी ते तिच्या सासूबाईंचं होतं. या समारंभासाठी ती जुने कागद लावत होती. आमच्या प्रत्येक पुस्तकात मागे एक कागद चिकटवलेला असतो. घराचं नाव, पुस्तक आलं ती तारीख, गेलं ती तारीख. पुस्तक शाळेला देताना तो कागद काढून आम्ही फाईलला लावतो. रुपाली म्हणाली, "काका, एक गोष्ट विचारू? ताईंच्या नावापुढं दोन्ही तारखा एकच का आहेत?"

मी चष्मा लावून बघितलं. सहावं घर, महाजन. पुस्तक जायची तारीख होती तीन, प्रत्यक्ष गेलं सतराला. सातवं घर, पाटील. आलं सतराला. गेलं सतराला. दुसरा कागद, तोच प्रकार. तिसरा. मी एकोणीस वर्षांचे कागद काढून बसलो. अशी पुस्तकं निघाली त्रेचाळीस.

तुमच्या लक्षात आलं ना? मी उशीर करायचो आणि आठव्या घरी पुस्तक वेळेवर पोचायचं. रुपालीच्या सासूबाईंना एकोणीस वर्षांत कधी वाट पाहावी लागली नाही. माझा उशीर मधल्या मध्ये कोणी गिळला? मी जिना उतरलो की ताई तेच पुस्तक पदराखाली घेऊन दुसऱ्या गल्लीत देऊन यायच्या. न उघडता. त्रेचाळीस वेळा. ज्या बाईंनी साखळी सुरू केली, त्यांनी तिच्यातली त्रेचाळीस पुस्तकं वाचलीच नाहीत.

आणि मी साखळी सोडल्यानंतरचे कागद? ताईंच्या नावापुढं सगळीकडे पूर्ण पंधरा दिवस. मी गेलो आणि त्यांना पहिल्यांदा त्यांचे हक्काचे पंधरा दिवस मिळाले. तरी ही बाई माझ्या दारात मला शोधत आली.

मी तसाच उठून त्यांच्याकडे गेलो. सामान बांधायचं चाललं होतं. मी कागद पुढं ठेवले आणि विचारलं, ताई, हे मला का सांगितलं नाही? त्या हसल्या. म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुम्ही अर्धवट वाचून पुस्तक आणलं असतं. मग गोष्ट कोणी सांगितली असती मला?" मी म्हटलं, आणि नंतर तर पुस्तक वेळेवर येत होतं, मग कशाला आलात? त्यावर त्यांनी हातातली दोरी खाली ठेवली. ताईंचे यजमान पाटीलसाहेब जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं, तृप्ती नाशिकला. मग म्हणाल्या, "पुस्तक येत होतं हो. बसून सांगणारं कोणी येत नव्हतं."

अध्यक्षमहाराज, मला दोन मिनिटं जास्त द्यावीत.

ताई, परवा तुम्ही नाशिकला जाणार. सातवं घर रिकामं होतंय. ते मी मागून घेतलंय, रितेशभाऊंनी परवानगी दिली आहे. रुपालीच्या चेहऱ्यावर काळजी दिसतेय मला. बेटा, पुस्तक तारखेला येईल. वाचून झालं नसलं तरी येईल.

आणि ही दुसरी पाटी तुमच्यासाठी. अनिकेतनं त्या त्रेचाळीस पुस्तकांची यादी घेऊन शोधाशोध केली. एकोणतीस यात मिळाली. बाकीची चौदा यात नाहीत. त्यांच्या गोष्टी तुम्हाला माझ्याकडून माहीत आहेतच, म्हणून त्यांचे शेवट मी या वहीत लिहून काढलेत. त्यातले दोन मला काही केल्या आठवेनात, ते मी माझ्या मनानं लिहिलेत. कुठले दोन, ते विचारू नका.

ताई, या पाटीत एक मोठी खोट आहे, ती मी मघाशी भरसभेत सांगितली. यातल्या पुस्तकाला तारीख नसते. त्याची पुढच्या घरी कोणी वाट पाहत नाही. माझं त्यानं नुकसान झालं. पण तुम्ही तेवीस वर्षं पुढच्या घराचा विचार केलात. आता ही पुस्तकं हवी तेवढे दिवस ठेवा. एका पुस्तकाला सहा महिने लावा. मागची पानं पुन्हा चाळा. कोणाला द्यायची नाहीत ही. ही तुमची आहेत.

अध्यक्षांनी मला सांभाळून घेतलं, मंडळानं बोलण्याचा मान दिला, जिलेबी थंड होत असताना आपण सगळे बसून राहिलात, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही कमी-अधिक निघून गेलं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर या सभेनं उदार मनानं पोटात घालावं. त्रेचाळीस पुस्तकांची माफी मात्र मी सभेकडे मागत नाही. ती मी शारदाताईंकडे मागतो, आणि तीसुद्धा उशिराच मागतोय.

नमस्कार.