एका माणसाचा गट

दिनांक १४ फेब्रुवारी २००४, शनिवार, सकाळी ११ वाजता.

नाव दीक्षा धम्मानंद पाईकराव, वय २१ वर्षे, धंदा शिक्षण (वृत्तपत्रविद्या पदविका, पहिले वर्ष) व एका दैनिकाची गावपातळीवरची वार्ताहर, राहणार भीमनगर, मौजे डोंगरजवळा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली.

मी स्वतःहून पोलीस ठाण्यात आले असून समक्ष सांगते की, माझे म्हणणे मीच कागदावर लिहून देणार होते. परंतु जबाब पोलिसांनीच लिहायचा असतो असे जमादार साहेब म्हणाले. म्हणून मी सांगत आहे व ते लिहीत आहेत.

आमच्या वस्तीच्या फाट्यावर एस.टी.ची 'विनंती थांबा' अशी पाटी होती. मागच्या महिन्यात ती कोणीतरी उपटून नाल्यात टाकली. तेव्हापासून गाडी फाट्यावर थांबत नाही, गावच्या वेशीत थांबते. तिथून वस्ती पाऊण किलोमीटर मागे आहे. थांबा कोणी बंद केला, याचा लेखी कागद मी आगारात मागितला होता. तसा कागदच नाही असे मला सांगण्यात आले.

दिनांक ८ फेब्रुवारी रोजी, रविवारी, मी वसमतचा वर्ग आटोपून चारच्या गाडीने परत येत होते. चार वाजून चाळीस मिनिटांनी फाटा आला. डाव्या बाजूच्या खिडकीतून मला आमच्या वस्तीतले गवंडी जळबा पाईकराव, वय ५८, दिसले. त्यांनी नाल्यातली पाटी वर काढून रोवायला खड्डा घेतला होता. दोघांनी त्यांचे हात धरले होते. गावातले दत्तराव यांनी ती पाटी लोखंडी खांबासकट उचलली व त्यांच्या डोक्यात व उजव्या हातावर मारली. आणखी चारजण भोवती उभे होते. म्हणजे एकूण सात. मी मोजले आहेत. दत्तराव ओरडून जे बोलले ते मी जमादार साहेबांना शब्दशः सांगितले आहे. त्यांनी त्याचे 'जातीवाचक शिवीगाळ केली' असे लिहिले, ते मला मान्य आहे.

मी कंडक्टर शंकरसिंग यांना गाडी थांबवा म्हणून ओरडले. ते म्हणाले, "ताई, हितं थांबा न्हाई आता. वेशीत उतरा." त्यांनी घंटी मारली नाही. ते खिडकीबाहेर पाहतच नव्हते, पायाकडे पाहत होते. वेशीतून मी पळत मागे आले तोवर ते सातजण निघून गेले होते. जळबाकाका पाटीशेजारी पडलेले होते. जीपने त्यांना वसमतच्या दवाखान्यात नेले. हात दोन ठिकाणी मोडला आहे, डोक्याला सहा टाके पडले आहेत.

त्याच संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून मी बातमी लिहिली व समोरच्या बूथवरून फॅक्स केली. ती मंगळवारी छापून आली. मथळा होता 'डोंगरजवळा येथे दोन गटांत हाणामारी; एक जखमी'. हा मथळा कार्यालयातल्या कोणी दिला नाही, तो माझा आहे. शेवटी मी असेही लिहिले होते की, गावात तणावपूर्ण शांतता आहे. मी तेव्हा वसमतला होते. गावात कसली शांतता आहे ते मला कुठून ठाऊक? पण हाणामारीच्या बातमीचा शेवट असाच करायचा असतो, म्हणून केला.

असे का लिहिले, हे जमादार साहेबांनी विचारले. डिसेंबरमध्ये आमच्या वस्तीच्या पाण्याची बातमी मी दिली, तेव्हा आमचे कार्यालयप्रमुख पुनमचंदजी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तुमच्याच लोकांच्या बातम्या काहून देऊन राहिल्या? पेपर काय वस्तीचा हाय?" सगळे हसले. मीही हसले. ते हसणे माझ्या पोटात राहिले. वर्गात सर सांगतात की, बातमीत दोन्ही बाजू बरोबर आल्या पाहिजेत, तराजू हातात धरला की आपले घर विसरायचे. ते वाक्य मी वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत. त्या संध्याकाळी मला भीती वाटली की लोक म्हणतील, ही तिच्या काकाची बातमी आहे. म्हणून मी तराजू धरला. एका पारड्यात सात माणसे होती. दुसरे हलके पडू नये म्हणून मी तिथे 'गट' हा शब्द ठेवला. मला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला होता, हेही लिहावे.

बुधवारी उलट दत्तराव यांनीच तक्रार दिली की, वस्तीच्या जमावाने आमच्यावर हल्ला केला. पुरावा म्हणून माझ्या बातमीचे कात्रण जोडले. त्यावरून जळबाकाकांवर गुन्हा दाखल झाला. सोमवारी त्यांना दवाखान्यातून सुटी मिळणार आहे आणि दारातूनच अटक होणार आहे, असे त्यांना खाटेवर सांगण्यात आले.

गुरुवारी त्यांच्या पत्नी सोजराबाई आमच्या घरी आल्या. त्यांना वाचता येत नाही. पदरातून पेपर काढून म्हणाल्या, "बाई, हे तूच लिवलं म्हणत्यात. वाचून दाव." मी वाचून दाखवले. त्यांनी मध्येच थांबवले. "दोन गट म्हंजी कोन कोन? एक त्येंचा. दुसरा कोनाचा? ह्यांचा? एकट्या मानसाचा गट व्हतो व्हय बाई?"

मी पेपरची घडी केली व तो त्यांना परत दिला.

काल पुनमचंदजींना फोन करून सांगितले की मी जबाब देणार आहे. ते म्हणाले, "बातमी खोटी म्हणलं की पेपर खोटा. मग कार्ड इथं आणून ठेवा." वार्ताहराचे ते कार्ड मी आज सकाळच्या टपालाने पाठवले आहे. आई म्हणाली, पोरीची जात, रोज त्याच फाट्यावरून जायचं-यायचं आहे, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? तिचे खोटे नाही. आत्ता ठाण्याच्या गेटासमोर दोन मोटरसायकली उभ्या आहेत. त्यावरच्या दोघांना मी ओळखते, आठ तारखेच्या सातांपैकी आहेत. मला भीती वाटत आहे.

जमादार साहेबांनी विचारले की, तेव्हा एक लिहिले, आज एक सांगता, मग आजचे खरे कशावरून? माझे उत्तर असे की, तेव्हा मी लोक काय म्हणतील याला भिऊन लिहिले. आज त्यापेक्षा जास्त भीती असताना सांगत आहे. यापलीकडे माझ्याकडे पुरावा नाही.

जळबाकाका नात्याने माझे लांबचे चुलते लागतात. हे बातमीत नव्हते, ते इथे असावे. त्यांच्याजवळ पहार होती. मी पाहिले तेव्हा ती खड्ड्यात उभी होती, हातात नव्हती. गाडी तिथे पोहोचण्याआधी त्यांनी ती उगारली होती की नाही, ते मी पाहिलेले नाही. सोजराकाकू सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून आहेत. आत येताना त्यांनी माझा हात धरून म्हटले, "पहार उचललीच न्हाई म्हन ना. तुझं काय जातं?" मी त्यांना हो म्हणाले नाही. एकदा न पाहिलेला गट लिहिला, आता न पाहिलेले दुसरे काही लिहायचे नाही. त्यांनी हात सोडला.

मध्यंतरी जमादार साहेबांनी सवयीने 'दोन गटांत' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावून 'सात जणांनी एकास' असे करून घेतले. खाडाखोड माझ्या सांगण्यावरून झाली आहे. साक्षीदाराच्या जबाबावर सही घेत नाहीत असे मला सांगण्यात आले. बातमीवरही माझे नाव नव्हते, 'वार्ताहराकडून' एवढेच होते. म्हणून इथे माझे नाव वडिलांच्या नावासह पूर्ण ठेवावे.

हा जबाब मी स्वतः वाचला. नंतर जमादार साहेबांच्या परवानगीने सोजराकाकूंना आत बोलावून पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवला. पहारीच्या ठिकाणी त्यांनी मान खाली घातली. पूर्ण झाल्यावर म्हणाल्या, "आता बराबर हाय." आणि उठता उठता म्हणाल्या, "मग हे तवाच काहून लिवलं न्हाई, बाई?"

त्याचे कारण वर लिहिले आहे व त्यांनी ते नुकतेच ऐकले होते. तरी त्यांच्या तोंडाकडे पाहून मला ते पुन्हा सांगता आले नाही. तेवढे उत्तर राहिले आहे. बाकी जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला असून बरोबर आहे.