शेवळाची खाज आणि जावेचं काकड

मंडळी, ऐका! एक कोडं सोडवा. देव सर्वज्ञ ना? मग ज्या रानभाजीत त्यानं घसा ओरबाडणारी खाज घातली, तिचा उतारा त्याच भाजीत का नाही घातला? दुसऱ्याच झाडावर नेऊन का टांगला? विसरला असेल? — हसू नका, मी गंभीर आहे!

दाभेवाडी. डोंगरातली वाडी. तिथल्या हौसाबाईच्या उतारावर दरसाल शेवळं उगवायची. आज नुसता पाचोळा. उद्या बघावं तर जमिनीतून जांभळट कोंब उभे! ना पान, ना फांदी! कुणी पेरलं? कुणी राखलं? हौसा पहिल्या कोंबाला आधी हात जोडायची, मगच खुडायची.

पण शेवळाला खाज! तिला गप्प करतात काकडं — आवळ्याएवढी हिरवी, आंबट फळं. ठेचायची, रस भाजीत घालायचा. आणि नवल बघा, शेवळं वर येतात नेमकी तेव्हाच ही काकडं झाडाला लागतात! त्या झाडाला निरोप कोण देतं हो?

वाडीत काकडाचं झाड एकच. कुणाचं? हौसाच्या धाकट्या जावेचं, ठकूचं! आणि दोघींचा पाडव्यापासून अबोला. वाटणीत पाटा गेला ठकूकडे, वरवंटा आला हौसाकडे. देणार कुणी नाही. दोघीही मिरची दगडावर ठेचत होत्या — पण स्वाभिमानानं!

अशात हौसाच्या लेकीला, गुलाबला बघायला पाहुणे आले. मुलाचे वडील धर्माजी. त्यांचं म्हणणं एकच — "जिच्या हातची शेवळं खाजत नाहीत, तिच्या घरची पोर डोळे मिटून करावी!" गुलाबला मुलगा मनातून आवडलेला. म्हणजे सगळं आलं भाजीवर!

हौसा सकाळीच काकडाकडे निघाली होती. झाडाखाली ठकू बसलेली! झालं, हौसा माघारी वळली. म्हणाली, "आंबटच लागतं ना? चिंच घालू!"

भाजी शिजली. तिकडची रीत अशी, की वर्षातली पहिली रानभाजी गावदेवीला दाखवल्याशिवाय जिभेला लावायची नाही. नैवेद्य झाला. हौसानं बोटभर चाखली. आणि घशात जणू मुंग्यांचं वारूळ फुटलं! ओटीवर पानं मांडलेली. धर्माजी बाह्या सारून बसलेले!

हौसा दाराआड उभी. एकीकडे लेकीचा चेहरा, एकीकडे स्वतःचं नाक. मंडळी, नाक फार जड असतं हो! पण पाय निघाले. मागच्या दारानं थेट ठकूच्या अंगणात.

"ठके..." आवाज घोगरा.

ठकू काकडांची टोपली घेऊनच बसलेली. "चिंच घातलीस ना, आक्का?"

"तुला कसं कळलं?"

"झाडापासून माघारी वळलीस, तेव्हाच कळलं. सकाळपासून तोडून ठेवलीत. घरी आणून दिली असती, पण तू दार लावलं असतंस."

"लावलं असतं," हौसा म्हणाली. खोटं कशाला बोला?

"तुझ्या शेवळांवाचून माझी काकडं तरी कोण खातंय? गळतात नि कुजतात. गुलाब माझी कुणीच नाही होय गं?" ठकूनं डोळे पुसले. पाटा पुढं ओढला. "चल, ठेचू. पण कशानं? वरवंटा आण की, बये!"

हौसा धावली! पाहुण्यांच्या देखत पदराखाली वरवंटा घेऊन धावली! धर्माजी मुलाला म्हणाले, "घर कामसू दिसतंय."

एकीनं पाटा धरला, दुसरीनं वरवंटा फिरवला. रस भाजीत पडला, पुन्हा उकळी आली. ठकूनंच वाढली. धर्माजींनी घास घेतला... थांबले... गुलाबचा श्वास थांबला... आणि त्यांनी पान पुढं केलं. "वाढा!"

देव विसरला नव्हता, मंडळी! एक मातीत, एक फांदीवर; एक हिच्या उतारावर, एक तिच्या बांधावर. आणि वेळ मात्र दोघांची एकच! केवढा तो कारागीर! त्याला नुसती भाजी शिजवायची नव्हती. त्याला हौसाला त्या अंगणात न्यायचं होतं.

आता तुमच्याकडे वळतो. घरी जाताना कुठल्या दारासमोर तुम्ही मान फिरवता? — पेटीवाले, मी तुमच्याकडे बघत नाही, तुम्हीच खाली बघताय! — तुमच्या घशातल्या खाजेचा उतारा त्याच दारात टोपली भरून बसलाय. वरवंटा तुमच्याकडे आहे. उचला आणि जा. भजन मी तोवर थांबवतो.