कुंकू लावलेली डिस्क

सन्माननीय अध्यक्ष कोंडाजीराव, व्यासपीठावर बसलेले आपल्या वाचन मंडळाचे सचिव भिकनराव, आजच्या सत्कारमूर्ती तृप्तीताई, पहिल्या रांगेतल्या भागीबाई, आणि बाहेरून चहाचा वास येत असूनही खुर्ची न सोडलेल्या माझ्या समवयस्क मित्रमैत्रिणींनो,

तृप्ती पुढच्या आठवड्यात नाशिक सोडून पुण्याला बिऱ्हाड हलवते आहे. तिच्याविषयी मी दोन शब्द बोलावेत, असं मंडळानं ठरवलं. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाला दोन शब्द बोलायला सांगणं धोक्याचं, हे अध्यक्षांना ठाऊक आहे. म्हणूनच त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय. असू दे.

मंडळी, मधल्या सुट्टीनंतरचा कवितेचा तास आठवतो तुम्हाला? पोटात भाकरी, डोळ्यांवर झापड, खिडकीबाहेर कडुलिंबाची सावली हळूहळू भिंतीकडे सरकतेय, आणि सगळा वर्ग डोलत डोलत एका सुरात म्हणतोय. अर्थ कुणाला कळायचा? मला तरी नाही. पण ती चाल अजून अंगात आहे. औषधाच्या गोळीचं नाव आठवत नाही आणि तिसरीतल्या कवितेचं तिसरं कडवं न बोलावता येऊन उशाशी बसतं.

ते सगळं आपल्याबरोबर संपू नये, म्हणून आपण जुन्या क्रमिक पुस्तकांतल्या कविता आपापल्या आवाजात रेकॉर्ड करायला लागलो. अंध मुलांच्या शाळेला त्या द्यायच्या होत्या. सर्वांत जास्त कविता कुणाला पाठ निघाल्या? विंचूरच्या भागीबाईंना. शाळा चौथीपर्यंत, पुढे उभा जन्म कांद्याच्या शेतात, पण एक ओळ कुठे सांडली नाही. रेकॉर्डिंग चालू असताना ओझरकडून विमान आलं की आम्ही कपाळाला हात लावायचो. भागीबाई शांत. म्हणायच्या, "जाऊ द्या त्याला गुरुजी. त्याला बी लय लांब जायचं आसंल. मंग म्हनते मी." ते विमानही रेकॉर्ड झालंय, आणि ते वाक्यही.

आपल्या संगणकाच्या पोटात जागा नव्हती, म्हणून या कविता राहिल्या बाहेरून जोडायच्या डिस्कमध्ये. तळहाताएवढी काळी डबी, एका वायरीनं संगणकाला लोंबकळणारी. दसऱ्याला आपण तिला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मग हिवाळ्यात भागीबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला. आज त्या समोर आहेत, हसताहेत, मी लांबण लावतोय म्हणून हातानं रागावताहेत. पण त्यांचा आवाज उरला तो त्या डबीत. दुसरीकडे कुठेच नाही.

अशात एका संस्थेनं आपल्याला नवे संगणक द्यायचं कबूल केलं. तुमच्या संगणकात काय काय आहे आणि त्याला काय काय जोडलंय त्याची यादी द्या, एवढीच अट. अशी यादी करणारा एक छोटासा प्रोग्रॅम असतो. तो एकेका भागाला नावगाव विचारत जातो आणि लिहून काढतो. कुण्या दूरदेशीच्या माणसानं तो तयार करून सगळ्यांसाठी इंटरनेटवर मोकळा ठेवलाय. भिकनरावांनी तो चालवला. निम्म्यात बंद पडला. पुन्हा चालवला, पुन्हा बंद. डिस्क काढून चालवला, तर यादी झरझर बाहेर! डिस्क लावली, की प्रोग्रॅम आडवा.

भिकनराव मनमाडला रेल्वेत होते. नादुरुस्त डबा गाडीतून काढायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं.

"डिस्क आजारी आहे गुरुजी," ते म्हणाले. "व्हायरस तरी असणार, नाहीतर तुमचं ते कुंकू आत गेलं असणार. फॉरमॅट मारू."

फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी, हे मला तेव्हा समजलं.

"अहो, आधी कविता दुसरीकडे उतरवून घेऊ की."

"आणि रोग? तोही उतरवून घेऊ? नवीन मशीनला लागला म्हणजे तुम्ही निस्तरणार का?"

डिस्क यादीतून वगळू म्हटलं, तर संस्था म्हणे, यादीत नाही ते नव्या संगणकाला जोडायचं नाही. भागीबाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. भिकनराव, खाली बघू नका. तुम्ही डोळ्यांनी पाहिलं तेच बोललात. त्या दिवशी मीसुद्धा मनातून त्या डिस्कवर संशय घेतलाच होता.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर राहणारी, संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारी तृप्ती मासिक परत करायला आली. आमची तोंडं बघून म्हणाली, "काय हो काका, कुणी गेलं की काय?"

सगळं ऐकून ती वर गेली आणि स्वतःची डिस्क घेऊन आली. "हिला मी कधी कुंकू लावलेलं नाही. आता बघू."

ती डिस्क जोडली. प्रोग्रॅम आडवा!

"भिकनकाका, हिलाही फॉरमॅट मारायचं का?"

भिकनरावांनी चष्मा काढून पुसला.

मग तृप्तीनं त्या प्रोग्रॅमचं आतलं लिखाण उघडलं. मला काही कळेना, पण ओळी आखीव दिसत होत्या, कडव्यांसारख्या. तिनं सांगितलं ते असं. संगणकाच्या आतली डिस्क प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देते. बाहेरची डिस्क डबीत बसलेली, आणि ही डबी काही प्रश्न आत पोहोचवतच नाही. मग उत्तर रिकामं येतं. उत्तर रिकामंही येऊ शकतं, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"सर, हजेरी घेताना एखादं पोरगं गप्प बसलं, तर तुम्ही शाळा बंद करायचात का?" तिनं मला विचारलं. "हा तेच करतोय."

तिनं चार ओळी वाढवल्या. उत्तर आलं नाही, तर 'माहिती नाही' असं लिही आणि पुढच्याला विचार. बस. प्रोग्रॅम पुन्हा चालवला. यादी वाहत वाहत थेट तळापर्यंत आली. डिस्कचं नाव आलं, आकार आला, एका रकान्यात 'माहिती नाही' आलं, आणि भिकनरावांनी ती संपूर्ण यादी स्टेशनवरच्या घोषणेसारखी खड्या आवाजात वाचली.

तृप्तीनं ती दुरुस्ती मूळ माणसालाही पाठवली. त्यानं ती आपल्या प्रोग्रॅममध्ये घेतली. मी कधी कधी दुपारी डोळे मिटून बसतो तेव्हा मनात येतं, आत्ता कुठेतरी बर्फाच्या गावात कुणीतरी अशीच डबी जोडत असेल, यादी पुरी होत असेल, आणि त्याच्या चहाचा एक घोटही चुकत नसेल. नाशिकच्या तृप्तीचं नाव त्याला कशाला कळतंय?

दुसऱ्या दिवशी सगळ्या कविता नव्या संगणकावर उतरल्या, शाळेतही पोहोचल्या. भागीबाईंना आम्ही बोलावून घेतलं, कानांवर हेडफोन चढवले. त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्या डोलायला लागल्या. मग त्यांचे ओठ हलायला लागले. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, मंडळी. पण ओठांवरून कविता कळत होती. मध्येच त्या थांबल्या, तर्जनी वर केली, आणि छताकडे बघत हसल्या. विमान आलं होतं.

तृप्ती, शालीचा रंग भागीबाईंनी निवडलाय, तक्रार त्यांच्याकडे करायची. पुण्यात सुखानं राहा. अध्यक्षमहाराज, घड्याळाकडे मी एकदाही पाहिलं नाही, त्याबद्दल मोठ्या मनानं सांभाळून घ्या. कुणाचं नाव राहिलं असेल, थट्टा जरा जास्त झाली असेल, तर म्हातारपणाच्या खात्यावर मांडा. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे.

आभारप्रदर्शन भागीबाई करणार आहेत. भिकनराव, ती डिस्क तुमच्याच हातानं लावा. आवाज मोठा ठेवा.