बंगळुरूहून दीड तास

नाही पेटीवाले मामा, तो प्लग ढिला आहे, खिडकीखालचा घ्या — अगं बाई, ही मयताची थंड पेटी अशी एकदम घुरघुरते होय? दचकलेच मी. किती तास ठेवायची म्हणताय? लिहा... थांबा, सांगते. माझा भाऊ शंतनू बंगळुरूला असतो, तो येईपर्यंत बाबांना यात ठेवायचंय. बंगळुरू ते संभाजीनगर हवेतून आठशे किलोमीटर, दीड तास — म्हणजे थेट विमान मिळालं तर. ते आज नाही, म्हणून हैदराबादवरून, तिथं चार-पाच तास नुसतं बसायचं, मग पुढचं तासाभराचं — आठ धरा. हो, आत्याला मी सहा सांगितले, म्हणून तर तिनं पेटी बोलावली. सकाळी तर चारच तास म्हणाले होते मी. वाढतायत, काय करणार.

तोंडपाठ आहे मला सगळं. बाबाच विचारायचे ना — चारुता, किती लांब गं ते बंगळुरू? मी मोबाइलमध्ये बघून सांगायचे, दीड तास. "एवढंच? इथून कन्नड गावाला जायला एसटी याहून जास्त घेते की." खूश व्हायचे. इथं मुकुंदवाडीत विमान डोक्यावरूनच उतरतं. आवाज आला की हातातला कप खाली ठेवायचे — विमानतळावरून रिक्षानं वीस मिनिटं — वीस मिनिटं फाटकाकडं बघत बसायचे, मग गार चहा प्यायचे. तीन वर्षं. शंतनूच्या लग्नाला स्वतःच गेले नव्हते, आम्हालाही जाऊ दिलं नाही. आणि वाट कोणाची, तर त्याचीच. दोन दिवस लागतात असं खोटंच सांगायला हवं होतं का हो मी? म्हणजे वाट तरी बघितली नसती. नाही, बघितलीच असती.

बोलणं? झालं की. पहाटे साडेपाचला बाबा गेले, सहाला मी फोन केला. तो म्हणाला, चारू, माझ्यासाठी थांबू नका. एवढंच. मग फोन बंद. मी खोलीतून बाहेर आले तर दारातच आत्या — निघाला का गं तो? — मी दचकले आणि हो म्हणून बसले. एकदा हो म्हटल्यावर मग विमान आलं, हैदराबाद आलं, ही तुमची पेटी आली. अग्नी मी दिला असता मामा. पण ते म्हणायला आधी हे सांगावं लागतं ना, की तो येत नाहीये... हे तुम्हाला का सांगतेय मी. कोणाला बोलू नका.

ऐकलंत? विमान. बघा, अंगणातले सगळे उठले. आत्या आलीच —

हो आत्या, हेच. आधीचं मिळालं असेल त्याला. वीस मिनिटं.

निघा तुम्ही मामा. पावतीवरचा तासांचा रकाना राहू द्या कोरा.